तक्त्यात नसलेलं पिस्तूल

बेलफोर्ज, कॉर्विन काउंटी, ओहायो
रविवार, १४ एप्रिल २०२४

प्रिय व्हर्नाताई,

तुझं अकरा तारखेचं पत्र काल पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा, ग्लेनाचा खांदा आता पूर्ण वर जातो, कपडे वाळत घालताना मला हाक मारत नाही. रानकांद्यांचा हंगाम चालू आहे. काल अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्यांचं जेवण होतं, आणि आज चर्चमध्ये निम्म्या बाकांवरून तोच वास येत होता. पाद्रीबाबांनी प्रवचन सतरा मिनिटांत उरकलं. मी घड्याळ लावून बसतो, तुला माहीतच आहे.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करत नसशील. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना दटावणाऱ्या नर्सा स्वतः कुणाचं ऐकत नाहीत.

दर एप्रिलप्रमाणे तक्ता सोबत जोडला आहे. यंदाचा विसावा. कपड्याआड पिस्तूल बाळगायचा परवाना आपल्या राज्यात २००४ साली सुरू झाला, तेव्हापासून मी त्याचे वर्ग घेतो आणि तक्त्याचं एकही वर्ष चुकवलेलं नाही. त्याआधीच्या वर्षी आमच्या काउंटीत खून, दरोडे, बलात्कार आणि गंभीर मारहाण मिळून एकसष्ट गुन्हे होते; गेल्या वर्षी अडतीस. तू म्हणशील, काचेचा कारखाना बंद पडला, तरुण माणसं निघून गेली, मारामारी करायला उरलंय कोण? म्हणून आकडा दर हजार माणसांमागे काढला आहे, रकाना पाच पाहा. म्हणशील, वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची लाट आली आणि ओसरली. ते रकाना सातच्या टिपेत आहे. अकरावीत शाळा सोडलेल्या माणसालाही एवढं कळतं. संख्याशास्त्राची तीन पुस्तकं मी वाचनालयातून इतक्या वेळा आणली की ग्रंथपालबाई म्हणाल्या, "लॉयल, तुझ्याशिवाय ही कुणी उघडत नाही. घेऊनच जा घरी."

मागच्या पत्रात कळवलं तसं, यंदा तक्त्याला मान मिळणार आहे. मंगळवारी, तीस तारखेला, राजधानीत म्हणजे तुझ्याच कोलंबसात, विधानसभेच्या समितीपुढे मला बोलायचं आहे. गाडीत कुलपाशिवाय पिस्तूल ठेवणाऱ्याला दंड करायचं एक विधेयक आलंय. आमच्या नेमबाजांच्या क्लबचं म्हणणं, असल्या विधेयकांनी सज्जन माणूस शस्त्र बाळगायचं सोडेल आणि गुन्हेगारांचं फावेल. वीस वर्षांचे हाताने मोजलेले आकडे दुसऱ्या कुणाकडे नाहीत, म्हणून मला पाठवताहेत. मला पाच मिनिटं मिळणार. मी चार मिनिटं चाळीस सेकंदांत बसवलं आहे.

कोलंबसला येतोयस तर घरी ये, असं तू लिहिलंस. बघतो. त्या दिवशीच परतावं लागेल बहुधा. २०२२ च्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर मी आलो नाही, हे तू मोजलं आहेस असं दिसतं. मी रागावलो आहे असं तुला वाटतं. रागावलो नाही. दारावर "शस्त्र बाहेर ठेवून आत या" असं कार्ड लावलंस, तेव्हा मी काही बोललो असेन, पण घर तुझं आहे. आणि ओडेसाबाईंनी त्या दिवशी टेबलावर जी माझी फिरकी घेतली तिचाही मला राग नाही. मी कंबर चाचपतोय हे पाहून म्हणाल्या होत्या, "मास्तर, टर्की आधीच मेलीय हो. आता आणखी कुणाला मारायचंय?" सगळे हसले, मीही हसलो. त्यांची रताळ्याची पाई मी तीन वेळा घेतली होती.

खटला संपला आणि त्यांच्यावर गोळी झाडणाऱ्या माणसाला अकरा वर्षांची शिक्षा झाली, हे वाचून बरं वाटलं. तू चारही दिवस ओडेसाबाईंच्या शेजारी कोर्टात बसलीस. तुझ्यासारखी शेजारीण मिळणं हे त्यांचं नशीब. त्यांच्या उजव्या हाताची कुठली बोटं चालत नाहीत? सगळी, की फक्त अंगठा आणि पहिलं बोट? कणीक लाटता येत नाही असं तू लिहिलंस. पण खांद्याच्या नसा कधी कधी दोन वर्षांनीही सुधारतात असं मी वाचलं आहे. डॉक्टर काय म्हणतात?

एक छोटी दुरुस्ती. पुराव्यातल्या शस्त्राला तू दोनदा रिव्हॉल्व्हर म्हटलं आहेस. रिव्हॉल्व्हरला फिरतं चक्र असतं. मुठीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या आणि चपटं अंग, असं वर्णन केलंस त्यावरून ते पिस्तूल असणार.

आणि त्या लाकडावर डोळ्यासारखी एक गाठ होती, असं तू लिहिलंस. ती कुठल्या बाजूला होती? वर की खाली? सहज विचारतोय, लाकडाच्या जातीवरून.

ग्लेनाने तुला आणि ओडेसाबाईंना नमस्कार सांगितला आहे.

तुझा
लॉयल


बेलफोर्ज
शनिवार, २७ एप्रिल २०२४

व्हर्नाताई,

बुधवारी तुझा फोन आला. "गाठ डाव्या बाजूला होती, खालच्या कोपऱ्यात," तू म्हणालीस. "तुला काय करायचंय?" मी म्हणालो, सहज. त्यावर तू म्हणालीस, "लॉयल, तू आयुष्यात काही सहज विचारलंयस का रे?" मग गिऱ्हाईक आलंय असं सांगून मी फोन ठेवला. दुरुस्तीच्या दुकानात कुणी नव्हतं. एक करवतीचं इंजिन उघडून ठेवलं होतं, त्याच्याकडे मी पाऊण तास बघत बसलो.

ते पिस्तूल माझं आहे.

आपल्या गोठ्यामागचा अक्रोड वादळात पडला, त्याचं लाकूड मी जपून ठेवलं होतं. त्यातून २०११ च्या हिवाळ्यात मी त्या दोन पट्ट्या काढल्या. जुन्या कानशीपासून कोरणी मीच बनवली. एका इंचात वीस रेषा, आडव्या आणि तिरक्या, सगळ्या हाताने. गाठ मुद्दाम डाव्या बाजूला खाली घेतली, तळहाताखाली झाकली जावी म्हणून. तू ते पिस्तूल कधी पाहिलं नाहीस, कारण तुझ्या घरात ते कधी येऊच दिलं नाहीस. त्यामुळे कोर्टात पाहूनही तुला ओळखता आलं नाही.

आधीच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "कुणीतरी जीव ओतून बनवलेली वस्तू होती रे, म्हणून मला जास्तच संताप आला." ते वाक्य वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला अभिमान वाटला. सरकारी वकिलांच्या टेबलावर, प्लास्टिकच्या पिशवीत असूनही काम चांगलं आहे हे तुला कळलं, म्हणून. एक-दोन सेकंदच असेल. मग ओडेसाबाईंचा हात आठवला.

आता घडलं ते क्रमाने लिहितो.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी माझा वर्ग होता. परवान्याच्या वर्गात चौथा धडा असतो, गाडीत शस्त्र कसं ठेवावं. त्यासाठी मी पिस्तूल ठेवायची माझी लोखंडी पेटी क्लबच्या हॉलमध्ये नेली. सीटखालच्या सळईला तारेच्या दोराने बांधायची असते, ती. चौदा जणांना ती बांधून दाखवली, सोडून दाखवली, आणि टेबलावरच विसरलो. गुरुवारी तुझ्या दाराशी आलो, कार्ड वाचलं आणि तणतणत परत ट्रककडे गेलो. पेटी नाही हे तेव्हा लक्षात आलं. पिस्तूल सीटखाली सरकवलं, वर टोपी टाकली, दारं लावली. मागची सरकती काच नीट अडकत नव्हती. ती दुरुस्त करायची हे माझ्या वहीत ऑक्टोबरपासून लिहिलेलं होतं.

त्याच काचेवर माझा स्टिकर होता. पिस्तुलाची आकृती, खाली "टॅकेट यांचा परवाना-वर्ग" आणि फोन नंबर. तो मी पाणसळ लावून सरळ चिकटवला होता. रस्त्यात उभ्या असलेल्या अकरा गाड्यांपैकी कुठल्या गाडीत हात घालावा, हे चोराला मीच लिहून दिलं होतं.

ट्रक तुझ्या दाराशी बारा पन्नास ते चार पंचवीस उभा होता. परतताना पाच चाळीसला पेट्रोल भरायला थांबलो, सीटखाली हात घातला, तर टोपी होती.

चोरी ताबडतोब कळवायची असा कायदा आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, लहानसा, पण गुन्हा. ते कलम मी दर वर्गात वाचून दाखवतो, आणि मागे बसलेले डुलक्या काढत असले तर पुन्हा वाचतो. मी कळवलं नाही. सोमवारी कळवू असं ठरवलं. सोमवारी शेरीफच्या कचेरीतला माणूस स्वतःच दुकानात आला, पुढच्या वर्गासाठी तीन नावं घेऊन. म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडून शिकून गेलेला माणूस घोळ घालत नाही, म्हणून तुमच्याकडेच पाठवतो." यानंतर मी त्याला काय सांगणार होतो? पुढच्या आठवड्यात त्याच बनावटीचं दुसरं पिस्तूल घेतलं, कुणाला फरक कळू नये म्हणून. एका ग्लेनाला कळला. म्हणाली, "हल्ली चालताना त्या बाजूला कलतोस का रे?" मी म्हणालो, पट्टा नवा आहे.

आणि ताई, २०२३ च्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, सव्वाअकरा वाजता ओडेसाबाईंच्या पाईच्या दुकानात तो माणूस शिरला. तू रडत फोन केलास. मी काय काय विचारलं ते आठव. रक्त किती गेलं, कुठलं इस्पितळ, शस्त्रक्रिया किती तास चालली. पिस्तूल कोणतं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. गोळीचा आकार सांगितल्याशिवाय जो माणूस वर्तमानपत्रातली बातमी पुरी मानत नाही, त्याने चौदा महिने ते विचारलं नाही. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर झालेला गोळीबार, आणि मी विचारलं नाही. म्हणजे मला माहीत होतं. खात्री नव्हती, पण माहीत होतं. म्हणून मी कोलंबसला येत नव्हतो. इस्पितळात फुलं ग्लेनाने पाठवली, मी कार्डावर सहीसुद्धा तिलाच करायला लावली.

मी गप्प बसलो असतो तर कुणीही माझ्यापर्यंत आलं नसतं, हेही तुला सांगायला हवं. पिस्तुलावरच्या क्रमांकावरून पोलीस पहिल्या खरेदीदारापर्यंत जातात. तो होता म्हातारा एमेट सोअर्ड्स, माझ्या दुकानाच्या पलीकडे राहायचा. त्याने ते मला ओसरीवर बसून विकलं, हात मिळवला आणि झालं. आपल्या राज्यात अशा व्यवहाराला कागद लागत नाही. एमेट वारून नऊ वर्षं झाली. माग त्याच्या थडग्यापाशी संपतो. मी हे खूप वेळा तपासून पाहिलं आहे. तुझ्या पत्राचा कागद हातात असतानाही मी पहिल्यांदा हेच तपासलं.

दीड वर्ष मी मनात तुझ्याशी भांडलो. तुझं ते कार्ड नसतं तर पिस्तूल माझ्या कमरेला राहिलं असतं, मी घरी आलो असतो, ओडेसाबाई आज कणीक लाटत असत्या. वाक्य इतकं घासलं की गुळगुळीत झालं. पण पेटी हॉलमध्ये तू ठेवली नव्हतीस. काच तुझी नव्हती. आणि कार्ड तुझ्याच दाराला नाही, पोस्टाला आहे, कोर्टाला आहे, शाळेला आहे, इस्पितळाला आहे. जो रोज पिस्तूल बाळगतो तो आठवड्यातून चार-पाच वेळा ते गाडीत ठेवून कुठेतरी जातोच. मी वीस वर्षं शिकवतोय आणि हे मला कधी मोजावंसं वाटलं नाही.

म्हणून गुरुवारी शेरीफच्या कचेरीत गेलो. नोंदवह्या सांभाळणाऱ्या बेव्हने चष्म्यावरून पाहिलं. "काय रे लॉयल, एप्रिलात दोनदा? एखादा खून राहिला का मोजायचा?"

"गाड्यांतून चोरीला गेलेली पिस्तुलं हवी आहेत," मी म्हणालो. "२००४ पासून."

"तो मारामारीचा गुन्हा नाही. ती साधी चोरी."

"माहीत आहे."

"वीस वर्षांत एकदाही मागितली नाहीस ही वही."

"म्हणून तर आज मागतोय."

ती उठली, वह्या आणल्या, आणि टेबलावर ठेवताना हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तू मुद्दामच मागत नाहीस."

मी सहा तास बसलो. पहिल्या सात वर्षांत मिळून एकोणीस पिस्तुलं. गेल्या दोन वर्षांत एक्कावन्न. आणि ही फक्त कळवलेली. माझं त्यांत नाही, आणि तुझ्या शहरात चोरीला गेलं म्हणून त्या वहीत ते कधी आलंही नसतं. ही सत्तर पिस्तुलं, आणि मधल्या वर्षांतली आणखी पंचाऐंशी, कुठे गेली? आमच्या काउंटीत त्यांना चालवायला फारसं कुणी उरलेलं नाही, तूच म्हणतेस. ती हमरस्त्याने वर, शहरांकडे गेली. ओडेसाबाईंवर झाडलेली गोळी माझ्या तक्त्यात नाही, कारण ती माझ्या काउंटीत झाडली गेली नाही. माझा अडतीसचा आकडा खरा आहे, बेव्हची वही खरी आहे, भागाकार बरोबर आहे. फक्त वही कुठे संपते हे ठरवणारा मी होतो.

परवान्यांच्या कायद्याने गुन्हे घटले की वाढले? हे तू मला बारा वर्षं विचारते आहेस आणि मी तुला दर एप्रिलला उत्तर पाठवत होतो. आज विचारलंस तर मला माहीत नाही. एवढ्याशा काउंटीत पाच-दहा गुन्ह्यांचा चढउतार वाऱ्यानेही होतो. नदीपलीकडच्या राज्यात कायदा जवळपास हाच आहे आणि त्यांचे गुन्हे वाढले आहेत. तो कागद माझ्याकडे २०१६ पासून आहे, मी तो फायलीत ठेवला, तक्त्यात घेतला नाही. माझ्या वर्गातल्या एका बाईने पार्किंगमध्ये अंगावर धावून आलेल्या माणसाला नुसतं पिस्तूल दाखवून पळवून लावलं, हेही खरं आहे, आणि तेही कुठल्या वहीत नाही. मला माहीत नाही, ताई. हे तीन शब्द मी पंचावन्न वर्षांत किती वेळा लिहिले असतील? बहुधा हीच पहिली वेळ.

आज सकाळी क्लबच्या अध्यक्षांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लॉयल, तू आजारी आहेस असं कळवतो मी समितीला. घरी बस."

"मी आजारी नाही."

"अरे, एका माणसाच्या चुकीवरून कायदे करतात का? तू तर सगळ्यांच्या हातात कोलीत देतोयस!"

"समितीकडे नाव माझं नोंदवलंय, क्लबचं नाही."

"मग वर्गाला आमचा हॉल मिळायचा नाही. आणि तुझी प्रशिक्षकाची सनद राहील असं वाटत असेल तर तू दिसतोस त्याहून भोळा आहेस."

मी म्हणालो, दोन्ही मला ठाऊक आहे. ग्लेना दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला तेव्हाच कळलं. ती मागच्या अंगणात गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा एकदा झटकून दोरीवर घालत राहिली.

मंगळवारी मी बोलणार आहे. विधेयक चांगलं की वाईट, हे त्यांनी ठरवावं. मी पेटीबद्दल, काचेबद्दल आणि सहा तासांत मोजलेल्या त्या वह्यांबद्दल सांगेन. चार मिनिटांत बसतंय.

पण त्याआधी सोमवार आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता मी तुझ्या शहराच्या पोलिसांकडे जाऊन जबाब देईन. हे पत्र आजच जलद टपालाने टाकतोय, म्हणजे तुला ते मी येण्याआधी मिळेल. तिथून दहा वाजता ओडेसाबाईंच्या घरी जाईन, दुकानात नाही. दुकानात गिऱ्हाइकांसमोर त्यांना माझ्यावर ओरडतासुद्धा येणार नाही. तू त्यांना आधी काही सांगू नकोस. मी येतोय एवढंच सांग. तुला वाटेल त्यांना तयार करावं, नर्सचा स्वभाव. करू नकोस. ते माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकण्याचा त्यांचा हक्क आहे. तू सोबत असावंस की नसावंस हे त्याच सांगतील. त्यांनी दार लावून घेतलं तर मी पायरीवर बसून राहणार नाही, निघून जाईन, आणि पुन्हा येऊ की नको हे त्यांना पत्राने विचारीन.

तुझ्याकडे यायचं की नाही, हे मी विचारत नाही. हे वाचल्यावर तू कुठल्या खुर्चीत बसली असशील, पत्र घडी करून ठेवशील की चुरगाळशील, याचा अंदाज मी सकाळपासून करतोय आणि मला काहीही नक्की सांगता येत नाही. तू मला नऊ वर्षांचा असताना घड्याळ वाचायला शिकवलंस. एवढंच मला या क्षणी तुझ्याबद्दल खात्रीने माहीत आहे.

हे पत्र ओडेसाबाईंना, पोलिसांना, वकिलांना, कुणालाही दाखवायला माझी हरकत नाही. वर लिहिलेलं सगळं मी स्वतः केलेलं आहे, आणि कुणी विचारण्याआधी लिहिलं आहे असं म्हणायची माझी लायकी नाही, कारण विचारायला कुणी येणारच नव्हतं. म्हणून खाली घरचं नाव लिहीत नाही, जबाबाखाली लिहितात तसं पूर्ण नाव लिहितो.

लॉयल एव्हरेट टॅकेट
जन्म ३ मार्च १९६९
२१४, किल्न रस्ता, बेलफोर्ज